कोपरा धरून खाली

माझ्या नाकावर राग असतो, हे मी आधीच सांगून टाकते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात ते ओळखलं आणि सगळ्यांना बजावलं, "थोरलीला काही सांगायचं असेल तर तिचं जेवण झाल्यावर सांगा." सासूबाई गेल्या, पण नियम अजून तोच आहे. दुसऱ्याच्या हातून काम हळू होताना बघितलं की माझे हात शिवशिवतात. "सरक, मी करते," हे माझं ठरलेलं वाक्य. भाजी चिरायची असो, अडकलेलं कुलूप उघडायचं असो, सुईत दोरा ओवायचा असो.

आणि अशा बाईला काम मिळालं ते शिकवायचं.

गावाच्या टोकाला जुन्या वजनकाट्याची खोली होती. काटा बंद पडून बरीच वर्षं झाली होती. तिथे आमचं संगणक केंद्र सुरू झालं. चालवणारे लोक स्वतःला संस्था म्हणवून घेत नसत, 'सामाजिक उद्योग' म्हणत. म्हणजे धर्मादाय नाही आणि धंदाही नाही, मधलं काहीतरी. मला ते अजून नीट कळलेलं नाही, पण भिंतीवरच्या फलकावर ते माझ्याच अक्षरात लिहिलंय. शहरातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतले सहा कॉम्प्युटर आणून त्यांनी लावले. दोन कीबोर्डांवरची अक्षरं घासून गेली होती, ती मी नखांना लावायच्या लाल रंगानं पुन्हा काढली. लाईट गेली की बॅटरी चाळीस मिनिटं चालायची. त्या चाळीस मिनिटांत माझा आवाज एवढा चढायचा, की रस्त्यावरून जाणारे आत डोकावून बघायचे.

लग्नाआधी मामाकडे राहून मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तो कोर्स बारा वर्षं ट्रंकेत पडून होता. तोपर्यंत गावात मी फक्त 'थोरली' होते. केंद्र सुरू झालं आणि महिन्याभरात माझी 'कॉम्प्युटरबाई' झाली. दुकानदार मला बसायला स्टूल द्यायला लागला. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं.

आमचे वरचे अधिकारी पंधरा दिवसांनी मोटरसायकलवरून यायचे. बायकांनी त्यांचं नाव 'हिरवेसाहेब' ठेवलं होतं. त्यांच्या लॅपटॉपवर अकरा गावांचा तक्ता होता. ठरलेलं काम झालं की त्या गावाची चौकट हिरवी, नाही झालं की पिवळी. दोनदा ओळीनं पिवळी झाली की मशीनं उचलून दुसऱ्या गावात. माणूस वाईट नव्हता. आवाज कधी चढवायचा नाही, चहाचा कप स्वतः विसळून ठेवायचा. फक्त प्रत्येक बोलण्याच्या शेवटी म्हणायचा, "मॅडम, आपली चौकट हिरवी राहू द्या."

एका तुकडीत चोवीस बायका आणि त्यातल्या वीस तरी परीक्षा पास व्हायला हव्यात, एवढाच हिशेब होता.

त्या तुकडीत दोघी होत्या, ज्यांच्याबद्दल हे सगळं आहे. एक टेलरबाई. चौकात तिचं शिवणाचं दुकान. तिनं सहाही मशीनांना उरलेल्या कापडाच्या खोळी शिवून आणल्या, प्रत्येकीवर नंबर भरतकामात. ती चार नंबरच्या मशीनवर बसायची. हळू शिकायची, पण एकदा शिकली की पक्कं. मी "सरक" म्हटलं की ती माऊस सोडायची नाही. "थांबा मॅडम, माझं मला चुकू द्या," म्हणायची. मला तिचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं.

दुसरी माझीच जाऊ, धाकटी. आमचे भाऊजी विजेच्या खांबावरून पडले आणि त्यांचा पाय कायमचा अधू झाला, त्यानंतर तिनं काहीतरी शिकावं म्हणून मीच तिला ओढत केंद्रात नेलं. स्वभावानं गरीब. माऊस असा धरायची, जणू तो निसटून जाईल. मी शेजारी उभी राहिले की तिचा हात थरथरायचा, हात थरथरला की मला राग यायचा, राग आला की मी म्हणायची, "सरक." ती लगेच सरकायची. तिच्यासारखं पटकन सरकणारं मी दुसरं कुणी बघितलं नाही.

मला आठवतंय, तक्ते शिकवायचे होते तो दिवस. बायकांना कंटाळा येऊ नये म्हणून मी जादूचा खेळ केल्यासारखं दाखवलं. पहिल्या चौकटीत 'सोमवार' लिहिलं, चौकटीचा खालचा कोपरा माऊसनं धरला आणि खाली ओढला. मंगळवार, बुधवार, गुरुवार, सगळा आठवडा भरून आला. बायका हसल्या. मग एक आणि त्याखाली दोन लिहिले, दोन्ही चौकटी धरून ओढल्या. तीन, चार, पाच, थेट शंभरापर्यंत.

"ह्याला कसं कळलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"त्याला सगळं माहीत असतं," मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा जास्तच."

खोलीत पुन्हा हशा पिकला. टेलरबाईनं मात्र वहीत काहीतरी लिहून घेतलं. धाकटी हसली नव्हती. ती पडद्याकडे बघत होती. तिला प्रश्न विचारायचा होता, हे मला दिसलं होतं. बॅटरीची वीस मिनिटं उरली होती आणि मी पुढे गेले.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून एकोणीस जणी पास झाल्या होत्या. शेवटच्या खेपेला चौघी राहिल्या, त्यात टेलरबाई चार नंबरवर आणि धाकटी तीन नंबरवर. टेलरबाई पास होणार हे नक्की होतं, म्हणजे वीस भरत होत्या. तेव्हा चौकटीसाठी केलं असं म्हणायची सोय मला नाही. मी केलं ते घरासाठी. दवाखान्यात नोंदी करायला एक बाई घेणार होते आणि या परीक्षेत ज्या बाईला सगळ्यात जास्त मार्क, तिला ते काम, असं ठरलं होतं. घरी भाऊजी खाटेवर पडून छताकडे बघत असायचे.

परीक्षा ऑनलाईन. दर काही मिनिटांनी मशीन समोरच्या माणसाचा फोटो काढतं, दुसरं कुणी बसू नये म्हणून. फोटोत येतो तो चेहरा. हात येत नाही. धाकटीनं पहिला प्रश्न वाचायलाच पाच मिनिटं घेतली. मी तिच्या बाजूला स्टूल ओढलं, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, आणि हळूच म्हटलं, "सरक." ती माऊसपासून सरकली. पुढचा पाऊण तास ती कॅमेऱ्याकडे बघत ताठ बसून राहिली, लग्नाच्या फोटोत बसतात तशी, आणि मी उत्तरं देत राहिले. तिला चौऱ्याण्णव मार्क पडले. सहा कुठे गेले याची मला दोन दिवस रुखरुख लागली होती. लाज नाही, रुखरुख.

टेलरबाईला एकाहत्तर पडले, बाकी सगळ्यांपेक्षा जास्त. तिचे स्वतःचे एकाहत्तर. ती हातभर अंतरावर बसली होती, तिला सगळं दिसलं. जाताना तिनं चार नंबरवर खोळ घातली, सुरकुत्या नीट केल्या आणि म्हणाली, "धाकटीला गरज आहे, मॅडम. मला दुकान तरी आहे." बस, एवढंच. मी तिच्याकडे बघितलं नाही.

धाकटीला काम मिळालं. आमच्या घरात त्या दिवशी भाऊजी काठी घेऊन अंगणापर्यंत चालत आले.

दवाखान्यातलं काम तसं सोपं होतं. गावातल्या पोटुशी बायकांचं रक्त तपासायला शहरातल्या प्रयोगशाळेत जायचं. तिथून प्रत्येकीच्या रक्ताचा आकडा, म्हणजे हिमोग्लोबिन, एका फाईलमध्ये यायचा. ती फाईल वेगळी, आणि दवाखान्याची बायकांची यादी वेगळी. तो आकडा या यादीत तिच्या-तिच्या नावासमोर भरायचा. एरवी चौकट हिरवी असते. सातच्या खाली आकडा असला की ती आपोआप लाल होते, मोठ्या रुग्णालयात ती दिसते आणि त्यांची गाडी येऊन त्या बाईला घेऊन जाते. रक्त चढवतात, बाळंतपण तिथेच करतात. लाल नसेल तर बाई घरीच.

पहिले तीन महिने दर वेळी धाकटीचा निरोप यायचा, "ताई, जरा येता का?" मी दुपारच्या सुट्टीत जायची. "सरक" म्हणायची, बसायची. पहिल्या चौकटीत मी एक सूत्र लिहायची. ते सूत्र बाईचं नाव वाचतं आणि त्या दुसऱ्या फाईलमधून तिचाच आकडा उचलून आणतं. मग कोपरा धरून खाली ओढलं, की जिचा तिला आकडा भरून येतो. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. सूत्र मी एवढ्या भराभर लिहायची, की बघणाऱ्याला ते दिसलंच नसेल. तिला दिसायचं ते फक्त ओढणं.

चौथ्या महिन्यात केंद्रात नवी तुकडी आली. निरोप आला तेव्हा मी उलट निरोप पाठवला की रोज उठून मला जमणार नाही, एवढं शिकवलंय ते काय वाया गेलं का? संध्याकाळी घरी मी तिला विचारलं, "जमलं का गं?"

"जमलं, ताई," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता. "तुम्ही ओढता तसंच ओढलं. सगळ्यांचे आकडे आले."

माझा जीव भांड्यात पडला. मी तिला शाबास म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं असेन.

त्यानंतर सात आठवड्यांनी टेलरबाईची बहीण बाळंतपणात गेली. ती बहिणीकडे बाळंतपणाला आली होती, यादीत तिचं नाव होतं. गावच्या दवाखान्यात रात्रीतून रक्त गेलं, अंगात मुळातच कमी होतं, आणि शहरातून गाडी यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिच्याजवळ नव्हता. बाळ वाचलं, मुलगी झाली. मी भेटायला गेले होते. शिवणाच्या मशीनवर बाळाचे कपडे अर्धवट पडले होते.

एका दुपारी वर्ग संपल्यावर ती केंद्रात आली. बाळ छातीशी, हातात दोन कागद. मी झाडत होते. ती सरळ चार नंबरपाशी गेली, खोळ काढली, घडी करून ठेवली आणि मशीन सुरू केलं.

"टेलरबाई, काही काम होतं का?"

"बघा," ती म्हणाली.

बाळाला डाव्या हातानं सावरत तिनं उजव्या हातानं तक्ता उघडला. पहिल्या चौकटीत लिहिलं, दहा पूर्णांक एक. त्याखाली, दहा पूर्णांक दोन. दोन्ही चौकटी धरल्या, कोपरा पकडला आणि सावकाश खाली ओढला. दहा-तीन, दहा-चार, दहा-पाच. नवव्या चौकटीवर ती थांबली. दहा-नऊ.

"ही माझी बहीण," ती म्हणाली.

मग तिनं पहिला कागद माझ्यासमोर ठेवला. नर्सबाईनं दवाखान्यातून छापून दिलेली यादी. चौदा बायका, आणि त्यांच्यासमोर दहा-एकपासून अकरा-चारपर्यंत आकडे, एकीपेक्षा दुसरीचा बरोब्बर एक दशांशानं जास्त. "मॅडम, बायकांचं रक्त असं पायऱ्या पायऱ्यांनी चढतं का हो?" ती म्हणाली. दुसरा कागद तिनं प्रयोगशाळेत जाऊन, तीन तास बाकावर बसून आणला होता. त्यावर तिच्या बहिणीचा खरा आकडा होता. पाच पूर्णांक आठ.

मला सगळं एका क्षणात कळलं. पहिले दोन आकडे धाकटीनं फाईल बघून हातानं घातले असणार, दोन्ही बरोबर. पुढचे मशीनला माहीत असतील, असं समजून ओढले होते. मी झाडू हातात घेऊनच खाली बसले.

"दवाखान्यात कुणाला दिसलं नाही?" मी विचारलं.

"कसं दिसणार? सगळ्या चौकटी हिरव्या होत्या."

बाळ कुरकुरायला लागलं. ती उठून उभी राहिली आणि त्याला थोपटत खोलीत फेऱ्या मारू लागली. "चौकशी लागलीय. सोमवारी शहरातून बाई येणार आहेत. धाकटीनं हलगर्जीपणा केला, असं ठरतंय. मॅडम, तुम्हाला माहितीये आणि मला माहितीये. तिला येतच नव्हतं. ज्याला येत नाही, तो हलगर्जीपणा कसा करेल?"

ती बाळाला घेऊन माझ्यासमोर येऊन थांबली.

"मी सांगितलं तर म्हणतील, नोकरी हुकली म्हणून जळते. तुम्ही सांगायला पाहिजे. परीक्षा कुणी दिली, तेवढंच. मला कुणाला शिक्षा नकोय. ज्याच्या हातात माणसं द्यायची त्याला येतंय की नाही, हे आधी बघा, एवढं त्यांनी लिहून घ्यावं. माझी बहीण काही परत यायची नाही."

"सांगते," मी म्हटलं.

तिनं मशीन बंद केलं, खोळ घातली, कागद माझ्यापाशीच राहू दिले. दारात थांबून म्हणाली, "तेव्हाच मी बोलायला हवं होतं. ते माझ्याही डोक्यावर आहे." आणि गेली.

मी खरंच सांगणार होते. हे मी आज स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तीन दिवस मी काय बोलायचं ते मनात घोळवलं, भांडी घासताना ओठ हलायचे. धाकटीला मी कागद दाखवले होते. ती कोपऱ्यात बसून होती. जेवायला वाढायची, भाऊजींच्या पायाला तेल लावायची आणि पुन्हा त्याच जागी जाऊन बसायची. तिनं एकदाच विचारलं, "पाच-आठ होता का तिचा?" मी हो म्हटलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

रविवारी हिरवेसाहेब आले. या वेळी मोटरसायकल दूर लावून चालत आले. चहा घेतला नाही. परीक्षा कुणी दिली ते त्यांनी ताडलं होतं, हे मला दिसलं.

"मॅडम, मी तुम्हाला खोटं बोला असं म्हणणार नाही," ते म्हणाले. "जेवढं विचारतील तेवढंच सांगा. एक परीक्षा खोटी निघाली तर अकरा गावांतली सगळी प्रमाणपत्रं रद्द होतील. दोनशेच्या वर बायका आहेत. ज्यांनी स्वतःच्या अकलेनं पास केलंय त्यांचीही जातील. टेलरबाईचंही जाईल."

"आणि माझं काम?"

ते खाली बघत राहिले. "ते तर जाईलच."

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, तीच तर अडचण. दोनशे बायकांचा आडोसा त्यांनी माझ्यासमोर आणून ठेवला आणि मी त्याच्यामागे जाऊन उभी राहिले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती दोनशे बायकांमुळे नाही. दुकानदार स्टूल काढून घेईल, मी पुन्हा नुसती थोरली होईन, उरलेलं आयुष्य दुसऱ्यांना सरकवत भाज्या चिरीन, याची मला भीती वाटत होती. एका मेलेल्या बाईसमोर माझी भीती एवढीशी होती आणि तरी तीच मोठी होती.

चौकशी दवाखान्यातल्या लसीच्या खोलीत झाली. बाळांचं वजन करायचा काटा एका बाजूला सरकवून टेबल मांडलं होतं. कोपऱ्यातला लसींचा फ्रीज घरघरत होता. चौकशीच्या बाई निवृत्तीला आलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, स्वतःचं शाईचं पेन. एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला हिरवेसाहेब. भिंतीकडेच्या बाकावर टेलरबाई, मांडीवर बाळ.

पहिल्यांदा धाकटीला बोलावलं. तिला काय विचारतील आणि ती कशी अडखळेल याचीच मला धास्ती होती. ती अडखळली नाही.

"हे काम तुम्हाला कुणी शिकवलं?"

"ताईंनी."

"नीट शिकवलं होतं का?"

"हो. सगळं शिकवलं होतं."

"परीक्षा तुम्ही स्वतः दिली?"

"मीच दिली. चौऱ्याण्णव मार्क आहेत. फोटो आहेत त्यात माझे." ती थोडी थांबली. "चूक माझी आहे. मी घाई केली."

घाई. या बाईनं जन्मात कधी कशाची घाई केली नाही.

पेन कागदावर चालत राहिलं. मग त्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही शिक्षिका. या म्हणतात ते बरोबर आहे?"

हिरवेसाहेब नखं बघत होते. टेलरबाई माझ्याकडे बघत होती, बाळही बघत होतं. तीन दिवस घोळवलेलं सगळं माझ्या तोंडाशी होतं. धाकटीनं माझ्याकडे बघितलं नाही. ती टेबलापासून थोडी बाजूला झाली होती, मला जागा करून द्यायला.

"हो," मी म्हटलं.

बाईंनी लिहून घेतलं. खाली सही करायला कागद माझ्याकडे सरकवला. प्रशिक्षण पूर्ण, प्रशिक्षणार्थी सक्षम, चूक वैयक्तिक हलगर्जीपणामुळे. मी सही केली. तिच्याखाली धाकटीनं सही केली, एकेक अक्षर सुटं सुटं, मी शिकवली होती तशी. टेलरबाई उठली, बाळाच्या डोक्यावर टोपी नीट केली आणि माझ्या समोरून निघून गेली. माझ्याकडे बघितलंही नाही. पुढच्या आठवड्यात तिच्या दुकानासमोरून जाताना माझ्या लक्षात आलं, की भिंतीवरचं तिचं एकाहत्तर मार्कांचं प्रमाणपत्र तिनं काढून टाकलंय. खिळा तेवढा राहिला होता.

धाकटीला कामावरून काढलं आणि प्रकरण पोलिसांकडे पाठवलं. गुरुवारी ठाण्यात हजर राहायचं, असा कागद आला. केंद्र चालू राहिलं. आमच्या गावाची चौकट हिरवी आहे.

तो कागद आला त्या दुपारी घरात जाग्या अशा आम्ही दोघीच होतो. भाऊजी आत झोपले होते. धाकटी धान्य निवडत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. जेवण झालं होतं, म्हणजे नियमाप्रमाणे मला काहीही सांगायला हरकत नव्हती.

"तू असं का सांगितलंस?" मी विचारलं.

"कसं?"

"परीक्षा तूच दिलीस म्हणून. मी सांगणार होते."

तिनं खडा उचलून बाजूला टाकला. "तुमचंही काम गेलं असतं, ताई. घरात एक तरी पगार राहायला पाहिजे ना. ह्यांचं औषध आहे." आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. मला वाटलं, हिनं मला शिव्या द्याव्यात, ताट फेकून मारावं. मला रडू आलं आणि मी ते गिळलं, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

बराच वेळ ती धान्य निवडत राहिली. मग हात थांबवून म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"मी ओढलं तेव्हा भलतेच आकडे आले. मग तुम्ही ओढायचात, तेव्हा जिचा तिला बरोबर कसा जायचा?"

ती खरंच विचारत होती. टोमणा नव्हता तो. गुरुवारी तिला ठाण्यात जायचं होतं आणि तिला हे जाणून घ्यायचं होतं.

मी उठले, जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं आणि पेन्सिल घेतली. पानाच्या मागे चौकटी आखल्या. एकीकडे प्रयोगशाळेची फाईल, दुसरीकडे दवाखान्याची यादी. पहिल्या चौकटीत मी काय लिहायची ते दाखवलं. ते नाव कसं वाचतं, कुठे जाऊन शोधतं, काय उचलून आणतं. आणि नुसते आकडे लिहून ओढले तर ते कुठेही जात नाही, कुणाचंही नाव वाचत नाही, एकापुढे दोन मोजत सुटतं. सोमवारपुढे मंगळवार त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेला असतो, म्हणून तो येतो. मी पेन्सिल तिच्या हातात दिली. तिनं एकदा चुकीचं लिहिलं. माझे हात शिवशिवले, मी ते मांडीखाली दाबून धरले. तिनं खोडलं आणि दुसऱ्यांदा बरोबर लिहिलं.

"म्हणजे त्याला काहीच माहीत नसतं," ती म्हणाली. "कुठून आणायचं ते आपणच सांगायचं."

"हो," मी म्हटलं.

"एवढंच होतं का?"

तिला कळलं होतं. पहिल्याच खेपेला, पूर्ण कळलं होतं. तिनं पान घडी घालून ठेवलं आणि पुन्हा धान्य निवडायला लागली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सात मिनिटं झाली होती.